भीमरावांची अभ्यासाची जागा



आपल्या इंदूरपासून महू अवघे वीस-बावीस किलोमीटर. पातालपाणीच्या सहलीला जाताना आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले आहे. या गावाचे सरकारी नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर असे झाले असले, तरी बोलण्यात आपण सारे अजून महूच म्हणतो. तेथील लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म झाला. २००८ मध्ये जन्मस्थानी भव्य स्मारकाचे लोकार्पण झाले आणि दरवर्षी १४ एप्रिलला दूरदूरच्या गावांहून आलेल्या लोकांनी महूचे रस्ते भरून जातात.

बाबासाहेबांवर बोलायचे म्हटले की राज्यघटना, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद हे विषय ओघानेच येतात. आपल्या शाळेतील वक्तृत्व स्पर्धेतही हेच मुद्दे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. या अंकात मात्र आम्ही त्यांच्या चरित्राची एकच बाजू घेणार आहोत. हा मुलगा अभ्यासाला बसत होता कुठे? पालक-शिक्षक सभेत गृहपाठाचा विषय निघाला की घर लहान आहे, माणसे जास्त आहेत, मुलाने बसावे तरी कुठे, हे उत्तर आम्हाला हमखास मिळते. हे उत्तर खोटे नाही. म्हणूनच हाच प्रश्न एका चाळीतल्या बापाने कसा सोडवला ते सांगावेसे वाटले.

वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार. मूळ गाव कोकणातले आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यात. इंग्रजांच्या सैन्यात त्या काळी शिपायांसाठी व त्यांच्या मुलांसाठी शाळा असत. रामजी अशाच शाळेत अनेक वर्षे शिक्षक व मुख्याध्यापक होते, म्हणजे एका अर्थाने ते आमच्याच व्यवसायातले. आई भीमाबाई. भीमराव हे या दांपत्याचे चौदावे अपत्य. चौदांपैकी बरीच मुले लहानपणीच गेली होती. भीमराव दोन-तीन वर्षांचे असताना सुभेदार निवृत्त झाले आणि कुटुंब महू सोडून प्रथम दापोलीला व नंतर साताऱ्याला गेले. साताऱ्यातच भीमाबाई वारल्या. तेव्हा भीमरावांना पाचवे-सहावे वर्ष लागलेले. पुढे मुलांचे सारे आत्या मीराबाईंनी केले.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. शाळेच्या दप्तरात भिवा रामजी आंबेडकर अशी ती नोंद आहे. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत भीमरावांना बसायला स्वतंत्र जागा होती. पण ती कशी होती? वर्गात एका बाजूला, इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. तो तुकडा संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तसेच कोरड्या घशाने बसायचे. मुलाला वेगळी जागा देणे आणि मुलाला वेगळे बसवणे यात केवढे अंतर आहे, हे आमच्या लहान वाचकांनी या ठिकाणी क्षणभर थांबून ध्यानात घ्यावे.

घरची गोष्ट निराळी होती. सुभेदार कबीरपंथी. पहाटे व संध्याकाळी घरात भजन, अभंग, रामायण-महाभारताचे वाचन चाले आणि मुलांनी त्या वेळी समोर बसलेच पाहिजे असा दंडक होता. सैन्यातली शिस्त आणि मास्तरकी, दोन्ही त्यांच्या अंगी मुरलेली. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून तर्खडकरांच्या भाषांतरमालेचे धडे ते मुलाकडून स्वतः करवून घेत. या भाषांतरमालेने आपल्या कितीतरी आजोबा-पणजोबांना घाम फोडला असेल!

साधारण १९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईला आले. परळ भागातील डबक चाळीत त्यांना एक खोली मिळाली. एकच. आजूबाजूला गिरणी कामगारांची वस्ती. खोलीत भांडीकुंडी, चूल, चुलीचा धूर, वरच्या माळ्यावर सरपण, कोपऱ्यात जाते, आणि त्याच खोलीत बांधलेली एक शेळी. स्वयंपाक तेथेच, जेवण तेथेच, झोपणे तेथेच. दिवसा नि संध्याकाळी तेथे पुस्तक उघडून बसणे अशक्य होते. रात्रीही साऱ्यांची अंथरुणे घातली की पाय ठेवायला जागा उरत नसे. अशा घरातला मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूल या मुंबईच्या नामांकित सरकारी शाळेत जाऊ लागला होता. तेथे त्याच्या समाजाची मुले जवळजवळ नव्हतीच. एकदा मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाजूला काढले होते. म्हणजे येथेही बाकावर जागा होती, पण ती मानाची नव्हती.

सुभेदारांनी खोलीचे गणित असे सोडवले. संध्याकाळी लवकर जेवून मुलाने झोपायचे. बाप जागा राहायचा. रात्री दोन वाजता बाप मुलाला उठवायचा आणि त्याने मोकळी केलेल्या जागेवर स्वतः आडवा व्हायचा. सगळी चाळ त्या वेळी झोपलेली. उशाशी जाते, पायाशी शेळी, आणि समोर काचेविना जळणारी, धूर सोडणारी रॉकेलची चिमणी. तेथे भीमराव पहाटेपर्यंत वाचत बसायचे. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग आला आहे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे बाबासाहेबांचे चरित्र आम्ही आधी हिंदीतून वाचले आणि कीरांचे पुस्तक बऱ्याच उशिरा हाती आले. त्यातले मोठमोठे प्रसंग आम्हाला आधीपासून माहीत होते, पण शेळी आणि जात्याच्या मधली ही जागा वाचून आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

खोली वाढवणे सुभेदारांच्या हाती नव्हते. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. त्यांच्या हाती स्वतःची झोप होती. रोज रात्री दोनपर्यंत म्हाताऱ्या माणसाने जागायचे, तेही मुलगा जागा व्हावा म्हणून! जागेचा प्रश्न त्यांनी वेळ विभागून सोडवला. पालकहो, ही युक्ती जशीच्या तशी करा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. वाढत्या वयाच्या मुलाला पुरेशी झोप लागते आणि दोन वाजता उठलेले मूल आमच्या वर्गात दहा वाजता पेंगेल, हे आम्हाला ठाऊक आहे. पण लहान घरात एका खोलीचे दोन उपयोग दोन वेगळ्या वेळी होऊ शकतात, एवढे तर त्यातून दिसतेच.

पुस्तकांची तऱ्हाही अशीच. भीमरावांना शाळेच्या पुस्तकांपेक्षा बाहेरच्या वाचनाची ओढ जास्त होती आणि नवे पुस्तक हवे म्हणून ते वडिलांकडे हट्ट धरीत. सुभेदार हातात पैसे नसले की मुंबईतच दिलेल्या आपल्या लेकीच्या घरी जात. धाकटीकडे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही रोख नसले तर तिचा एखादा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण टाकीत, पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन आले की दागिना सोडवून लेकीला परत देत. मंजुळा आणि तुळसा या त्या बहिणी. भावाच्या शिक्षणात त्यांचे अंगावरचे सोने वारंवार मारवाड्याच्या तिजोरीत जाऊन आले आहे. त्या स्वतः किती शिकल्या असत्या हे विचारायला त्या काळात कोणीच नव्हते. थोरले भाऊ आनंदराव यांचीही शाळा सुटली. दोन मुलांचे इंग्रजी शिक्षण घराला झेपेना, तेव्हा आनंदरावांनी नोकरी धरली आणि भीमराव शाळेत राहिले. चरित्र वाचताना आपण एका मुलाकडे पाहतो. त्या एका मुलाच्या अभ्यासाला घरातल्या तिघा-चौघांनी आपापला वाटा सोडून जागा करून दिली होती, हे आमच्या मते तितक्याच आदराने सांगायला हवे.

संध्याकाळच्या वेळेसाठी भीमरावांनी स्वतःच एक ठिकाण शोधले होते, ते म्हणजे चर्नी रोडची बाग. शाळा सुटल्यावर गर्दीच्या खोलीत परतण्याऐवजी ते त्या बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर रोज येत. पुस्तकात तोंड खुपसून बसलेला हा मुलगा त्यांनी दोन-चार दिवस पाहिला आणि एके दिवशी विचारपूस केली. केळुसकर गुरुजी हे शिवचरित्रकार आणि व्यासंगी लेखक. दुसऱ्या शाळेतल्या, दुसऱ्या समाजातल्या मुलाला त्यांनी पुस्तके आणून द्यायला सुरुवात केली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या गुणपत्रिकांच्या हिशेबात हा आकडा पालकांना धक्का देईल. तो आम्ही मुद्दाम छापत आहोत. समाजाने मात्र या यशाची सभा भरवून त्यांचा सत्कार केला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या दिवशी भीमरावांना भेट दिले. पुढे एकोणपन्नास वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला काय घडले ते आपण जाणता. गुरुजी त्या बागेत रोज येत नसते तर ते पुस्तक कोणत्या वाटेने त्यांच्या हाती आले असते कोण जाणे.

१९०८ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांपुढे उभे केले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. याच कॉलेजच्या दिवसांत सुभेदारांनी डबक चाळ सोडली. परळलाच, पोयबावडीत, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या एक नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांनी समोरासमोरच्या दोन खोल्या घेतल्या. क्रमांक ५० आणि ५१. एका खोलीत सारे घर, स्वयंपाक, माणसे, सामान. दुसरी खोली भीमरावांच्या अभ्यासासाठी. थकलेला, निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस दोन खोल्यांचे भाडे भरतो आणि त्यातली एक पूर्ण खोली मुलाच्या पुस्तकांना देतो. वाढते कुटुंब एका खोलीत दाटीवाटीने राहते आणि समोरचे दार मात्र बंद. शेजाऱ्यांना हे विचित्र वाटले असल्यास नवल नाही. याच खोलीत अभ्यास करून भीमराव १९१२ मध्ये बी.ए. झाले. निकालाचा आनंद सुभेदारांना फार काळ लाभला नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.

त्यानंतरचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. तेथे ग्रंथालय उघडे असेपर्यंत बसायला कोणाची मनाई नव्हती, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस उठून जात नव्हता. बाकीची मुले हिंडाफिरायला जात तेव्हा हे जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून फिरत. १९१५ मध्ये एम.ए. आणि १९१६ मध्ये पुढील अभ्यासासाठी लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्ध्यावर परत यावे लागले. त्यांचे सामान ज्या जहाजातून येत होते ते महायुद्धात पाणतीराने बुडाले आणि जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

आणि मग सप्टेंबर १९१७ चे बडोदे. आपल्यासारख्याच जुन्या मराठी वस्तीचे हे शहर, म्हणून हा प्रसंग आम्हाला अधिकच टोचतो. कोलंबियाचा एम.ए., डॉक्टरेटचा प्रबंध लिहून झालेला, महाराजांच्या राज्यात अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नेमणूक, आणि राहायला गावात कोणी जागा देईना. शेवटी पारशी नाव नोंदवून एका पारशी धर्मशाळेत ते उतरले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी मोडक्या बाकांनी व खुर्च्यांनी भरलेले मोठे दालन, वटवाघळे, आणि रात्री एक कंदील, ज्याचा उजेड काही इंचांपलीकडे पोचत नसे. एवढ्या उजेडात ते पुस्तक वाचून एकटेपणा विसरू पाहत. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेले. ओळखीच्या दोघांकडे विचारून पाहिले, दोघांनीही अडचण सांगितली. रात्रीची मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. दहा-बारा वर्षांपूर्वी मुंबईच्या बागेत एका मुलाला पुस्तक आणि गुरू भेटला होता. या बागेत तो मुलगा, आता सव्वीस वर्षांचा विद्वान, आई-वडिलांची आठवण काढून रडला, असे त्यांच्याच आठवणींवरून आपल्याला कळते.

ते परतले त्याच परळच्या चाळीत, त्याच खोलीत. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. पगार चांगला होता, पण बिऱ्हाड हलवले नाही, कारण लंडनचा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पैसे साठवायचे होते. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांना भेटायला आले ते याच चाळीत. या काळात समोरच्या खोलीत रमाबाई होत्या. तुटपुंज्या रकमेत महिना काढणे, आजारी मुले सांभाळणे आणि अभ्यासाच्या खोलीपर्यंत आवाज जाऊ न देणे, हे सारे त्यांच्याकडे. पाच अपत्यांपैकी चार त्यांनी गमावली. एक यशवंत तेवढे राहिले. अभ्यासाच्या खोलीतील शांततेबद्दल चरित्रकार भरभरून लिहितात. ती शांतता दाराबाहेर कोणी सांभाळली, यावर एखादा परिच्छेदच येतो. आमच्या मुलींनी हे चरित्र वाचताना समोरच्या खोलीतही जाऊन यावे.

१९२० मध्ये शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज आणि स्वतःची शिल्लक घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडताच शिरायचे आणि बंद होईपर्यंत उठायचे नाही. दुपारचे जेवण बहुधा टळलेले. रात्री बिऱ्हाडी आल्यावर पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक अनावर झाली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेल्या पापडांपैकी तीन-चार पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुढे पहाटेपर्यंत पुस्तक. खोलीतले सोबती असनाडेकर मध्येच जागे होऊन झोपायची विनवणी करीत. दोन वाजताची वेळ लहानपणापासून ओळखीचीच होती, एवढेच आम्ही म्हणू. एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टर, तिन्ही पदव्या या वास्तव्यातल्या अभ्यासाच्या.

आता आम्हाला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो. अनेक सभांतून आम्ही असे ऐकतो की बाबासाहेबांना काही नव्हते, तरी ते शिकले, मग आजच्या मुलांना सारे हवे कशाला? टेबल हवे, दिवा हवा, खोली हवी, हे चोचले आहेत! हे बोलणारे चरित्राचा पूर्वार्ध वाचतात आणि उत्तरार्ध वाचत नाहीत. हाल सोसल्याने माणूस शिकतो असे बाबासाहेबांना वाटत असते, तर त्यांनी पुढच्या मुलांना हाल तसेच राहू दिले असते. त्यांनी काय केले? जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक काम म्हणजे जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला काढलेले विद्यार्थी वसतिगृह. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला, जेवायला आणि रात्री दिव्याखाली बसायला एक ठिकाण. वाचनालये काढणे हेही सभेच्या उद्दिष्टांत होते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज. तेथे वर्ग सकाळी भरवले, कारण शिकणाऱ्या कित्येकांना दिवसा नोकरी करावी लागे. सुभेदारांनी रात्र वाटून दिली होती, मुलाने दिवस वाटून दिला! १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या नागसेनवनात मराठवाड्यातल्या मुलांसाठी वसतिगृहेही उभी राहिली. पुढे दलित साहित्यातले कितीतरी लेखक त्याच आवारातून आले.

स्वतःसाठीही त्यांनी एकच मोठी हौस केली. दादरच्या हिंदू कॉलनीत, १९३० नंतरच्या काही वर्षांत, त्यांनी घर बांधले. नाव ठेवले राजगृह, प्राचीन मगधाच्या राजधानीवरून. कर्ज काढून बांधलेले हे घर आधी पुस्तकांचे होते आणि मग माणसांचे. वरचा मजला ग्रंथालयासाठी, अभ्यासासाठी, आणि खाली कुटुंब. बॅरिस्टर झाल्यावरही दहा-बारा वर्षे चाळीत काढणाऱ्या माणसाला बंगल्याचा मोह नव्हता. चाळीतली खोली पुस्तकांना पुरेनाशी झाली होती. हजारो ग्रंथ, हवे तेव्हा हाताशी, आणि बसायला भरपूर उजेड. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाल्यावर दिल्लीच्या मुक्कामातही त्यांची हीच रीत राहिली. प्रकृती ढासळत गेली, दृष्टी मंदावली, तरी टेबल सुटले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, अलीपूर रोडवरील घरात, बुद्ध आणि त्यांचा धम्म या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित प्रत त्यांनी झोपण्यापूर्वी जवळ मागून घेतली होती. सकाळी, ६ डिसेंबरला, ते उठले नाहीत.

हे सारे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्याच शाळेची मुले होती. आपली कित्येक कुटुंबे जुन्या वाड्यांच्या वाटणीला आलेल्या दीड-दोन खोल्यांत राहतात. पुढच्या खोलीत टीव्ही, पाहुणे, आजोबांची खाट. मूल पलंगावर पालथे पडून गृहपाठ लिहिते आणि मध्येच कोणी दूध आणायला पाठवते. येथे स्वतंत्र खोली मागणे म्हणजे थट्टाच होईल. आम्ही पालकांकडे दोन गोष्टी मागतो. घरातला एक कोपरा ठरवा, चटई आणि एक चौरंगही चालेल, पण तो रोज तोच असू द्या. आणि रोजचे दीड तास ठरवा, ज्या वेळी टीव्ही बंद आणि मोबाईल मोठ्यांच्याही हातात नाही. घरात मुलगा आणि मुलगी दोघे असतील तर कोपऱ्यावर दोघांचा सारखा हक्क राहील, एवढे पाहा. त्या वेळी पाणी आणून देण्याचे काम मुलीकडे जाऊ नये.

ज्या घरांत एवढेही जमणार नाही, त्यांच्यासाठी आम्ही विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. शाळा पाच वाजता सुटल्यावर ग्रंथालयाची खोली आणि तिच्या शेजारचा वर्ग साडेपाच ते आठ उघडा ठेवावा. शिकवणी नाही, शुल्क नाही, फक्त बसायला जागा आणि उजेड. चार शिक्षकांनी आठवड्यातून एकेक दिवस थांबण्याचे कबूल केले आहे, पाचवा दिवस आम्ही स्वतः पाहू. खर्च येतो तो विजेचा, एका शिपायाच्या जादा वेळेचा आणि शेजारच्या वर्गातील दोन नादुरुस्त पंख्यांचा. विश्वस्त मंडळींनी पुढील बैठकीत यावर निर्णय द्यावा ही विनंती. ज्या पालकांना आपल्या पाल्याचे नाव नोंदवायचे असेल त्यांनी ते वर्गशिक्षकांकडे चिठ्ठीवर द्यावे. किती मुले येणार हे कळले म्हणजे सतरंज्या लागतील की बाके, ते आधी ठरवता येईल.